फ्रीबीएसडीवर डेस्कटॉप बसवताना या चुका टाळा

फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) बसवल्यावर मिळतो तो फक्त काळा कन्सोल, म्हणजे आज्ञा टंकण्याचा पडदा. मग बहुतेक जण थेट केडीई किंवा नोम हे डेस्कटॉप उतरवतात, पडदा काळाच राहिला की ते काढून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घालतात, आणि पडदा तरीही काळाच. दोष डेस्कटॉपचा नसतोच, खालचा ग्राफिक्स ड्रायव्हर बसलेला नसतो.

म्हणून आधी ड्रायव्हर. इंटेल व एएमडीसाठी ‘डीआरएम-केएमओडी’ पॅकेज घ्या. इंटेलचे मॉड्यूल (कर्नल म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात चढवायचा ड्रायव्हरचा तुकडा) ‘आय९१५केएमएस’, एएमडीच्या एचडी ७००० मालिकेपासून पुढे ‘एएमडीजीपीयू’, त्याआधीच्या कार्डांना ‘रेडिऑनकेएमएस’. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा. मॉड्यूल पहिल्यांदा ‘केएलडीलोड’ या आज्ञेने हाताने चढवून पाहा. यंत्र अडकलेच तर रीस्टार्ट केल्यावर सुटेल. नीट चालले तरच ‘आरसी.कॉन्फ’ या सेटिंगच्या फाइलमधल्या ‘केएलडी_लिस्ट’मध्ये नाव लिहा. जुने लेख वाचून ‘लोडर.कॉन्फ’ या बूटच्या सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहू नका. तसे करून बूटच अडकले असेल, तर सुरुवातीच्या मेनूत २ दाबून सिंगल-यूजरमध्ये (दुरुस्तीच्या मोडमध्ये) जा, रूट फाइलसिस्टिम लिहिण्याजोगी करा आणि ती ओळ काढा.

पुढे डेस्कटॉप आल्यावर सगळे चालते, पण खिडकी सरकवताना पंखा गरगरतो? बहुधा वापरकर्ता ‘व्हिडिओ’ गटात नाही. ‘पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम’ आणि पुढे नाव, मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन. ‘जीएलएक्सइन्फो’ ही आज्ञा अजूनही ‘एलएलव्हीएमपाइप’ दाखवत असेल, तर चित्र काढण्याचे काम प्रोसेसरच करतो आहे.

ड्रायव्हर चढला की ‘एक्सऑर्ग’ (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम) बसवा आणि साध्या वापरकर्त्याने ‘स्टार्टएक्स’ चालवा. एक घड्याळ आणि काही टर्मिनल दिसली तर पाया पक्का. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ ही त्याची सेटिंगची फाइल हाताने लिहिणे. आजच्या बहुतेक यंत्रांना ती फाइल लागत नाही, उलट चुकीची ओळ असली तर ओळखलेला पडदाही हरवतो. पडदा आलाच नाही तर व्हार-लॉग फोल्डरमधल्या ‘एक्सऑर्ग.०.लॉग’मध्ये ‘(ईई)’ ही चुकीची खूण असलेल्या ओळी वाचा.

आता डेस्कटॉप. रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर एक्सएफसीई घ्या, नोमचा हट्ट सोडा. डीबस (प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलू देणारी सेवा) चालू होण्यासाठी ‘आरसी.कॉन्फ’मध्ये ‘डीबस_इनेबल’ला ‘येस’ द्यायला विसरू नका. केडीई आणि नोमला ‘प्रॉकएफएस’ही (चालू प्रोग्रॅमांची माहिती देणारी फाइलसिस्टिम) लागते, त्याची ओळ ‘एफएसटॅब’ या फाइलसिस्टिमांच्या यादीत घाला. लाइटडीएम आणि एसडीडीएम हे लॉगिनचा पडदा दाखवणारे प्रोग्रॅम दोन्ही एकदम चालू ठेवले तर पडद्यासाठी त्यांची झोंबाझोंबी होते, एकच ठेवा. अडलात तर कंट्रोल-ऑल्ट-एफ१ने कन्सोल, एफ९ने परत.

मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत असतील, तर देवनागरी फॉन्ट नाही. नोटो या मोफत फॉन्टांच्या घराण्यातला बसवा.

अपग्रेडनंतर अचानक पडदा गेला, तर डीआरएमचे पॅकेज जुन्या कर्नलसाठी बांधलेले असू शकते. नव्या कर्नलचा सोर्स यूएसआर-एसआरसी फोल्डरमध्ये ठेवून ते पोर्ट्समधून (सोर्सवरून प्रोग्रॅम बांधण्याच्या फ्रीबीएसडीच्या संग्रहातून) पुन्हा बांधा.