मागचं चाक आदळल्यावर आधी रिम, मग आर्म

मागचं चाक फुटपाथच्या कडेला आदळलं आणि तेव्हापासून गाडी सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहतं? पुढची अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून ते सरळ करून घेऊ नका. त्याने दोष झाकला जातो, टायर मात्र झिजत राहतो.

गाडी जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. चाक हाताने फिरवा आणि रिमच्या काठाजवळ पेन स्थिर धरा. फट कमीजास्त होत असेल तर रिम वाकलीय. स्टेपनी लावूनही तसंच दिसलं तर संशय हबवर, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या मधल्या भागावर. फट एकसारखी, पण चाकच तिरकं बसलेलं असेल तर संशय आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा), स्टब अ‍ॅक्सल (हब ज्यावर बसतो तो आखूड आस) किंवा बीमवर (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा भाग).

थोडासा वाकलेला आर्म नुसत्या नजरेला सहसा सापडत नाही. दुसऱ्या बाजूच्या आर्मशी ताडून बघा, दोन्हीकडे बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. रंगाचे पोपडे, आर्मच्या जोडातल्या बुशचं एका बाजूला दबलेलं रबर हेही बोलकं असतं. अलाइनमेंटच्या कागदावर डाव्या-उजव्या मागच्या चाकाचे टो (वरून पाहता चाक आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर (समोरून पाहता किती कललंय) वेगवेगळे वाचा. एकूण टो बरोबर दिसूनही दोन्ही चाकं एकाच दिशेला वळलेली असू शकतात. वाकलेला आर्म तापवून सरळ करू नका, बदलाच.