‘सत्तर टक्के ब्लॉकेज’ : स्टेंटचा निर्णय घेण्यापूर्वी दाब कसा मोजतात

अँजिओग्राफीच्या अहवालात लिहिलेला ७० टक्के हा आकडा बहुतेक वेळा पडद्यावरील चित्र पाहून नजरेने बांधलेला अंदाज असतो. रक्तवाहिनी कितपत अरुंद झाली आहे हे त्यावरून कळते. परंतु अडथळ्यापलीकडच्या हृदयाच्या स्नायूला रक्त खरोखर कमी पडते की नाही, हे कळत नाही. त्यासाठी एफएफआर (फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह), म्हणजे अडथळ्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबांची तुलना करणारी चाचणी करतात.

प्रथम ती कोणासाठी, हे पाहावे. हृदयविकाराचा तीव्र झटका आला असेल, तर त्याला कारणीभूत ठरलेली वाहिनी तातडीने उघडायची असते आणि तेथे मोजमापात वेळ घालवू नये. ज्या रुग्णाची प्रकृती स्थिर आहे आणि अडथळा मधल्या पल्ल्याचा, म्हणजे साधारण ४० ते ९० टक्के आहे, त्याच्या बाबतीत ही चाचणी सर्वाधिक उपयोगी पडते.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या कक्षात, आधी वाहिनीत नायट्रोग्लिसरीन देऊन ती शिथिल करतात. नंतर टोकाजवळ दाबमापक असलेली ०.०१४ इंच जाडीची तार कॅथेटरच्या (वाहिनीपर्यंत नेलेल्या बारीक नळीच्या) मुखाशी नेऊन तारेने आणि कॅथेटरने मोजलेले दोन्ही दाब जुळवून घेतात आणि मगच ती अडथळ्यापलीकडे सरकवतात. त्यानंतर ॲडेनोसिन देऊन रक्तप्रवाह कमाल पातळीवर आणतात. या वेळी छातीत थोडा वेळ जडपणा किंवा धाप जाणवते, ती औषधाचीच असते. आता पलीकडच्या सरासरी दाबाला महाधमनीतील सरासरी दाबाने भागावे: १०० पैकी ७५ उरला, तर एफएफआर ०.७५. शेवटी तार कॅथेटरच्या मुखाशी परत आणून दोन्ही दाब अजून जुळतात का, हे तपासलेच पाहिजे. न जुळल्यास मोजणी पुन्हा करावी. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाण्याचा धोका असतो.

०.८० किंवा त्याहून कमी आकडा आल्यास अडथळा रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मानतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेम’ या १,००५ रुग्णांच्या अभ्यासात, एकाहून अधिक वाहिन्यांत अडथळे असताना या मापानुसार स्टेंट बसवलेल्या गटात मृत्यू, झटका किंवा पुन्हा प्रक्रिया यांचे वर्षभरातील एकत्रित प्रमाण १३.२ टक्के होते, तर केवळ अँजिओग्राफीवर विसंबलेल्या गटात १८.३ टक्के, शिवाय स्टेंटही कमी लागले. ॲडेनोसिन द्यायचे नसेल, तर आयएफआर (इन्स्टंटेनियस वेव्ह-फ्री रेशो) हे विश्रांतीतील, म्हणजे औषधाने प्रवाह न वाढवता घेतलेले, दाबाचे माप घेता येते. त्याची मर्यादा ०.८९ आहे.

तार महाग असते आणि प्रत्येक कॅथलॅबमध्ये ती असतेच असे नाही, म्हणून चौकशी अँजिओग्राफीच्या आधीच करावी. रुग्ण टेबलावर असताना बाहेर उभ्या नातेवाइकांकडून संमती मागितली जाते, तेव्हा विचाराला उसंत नसते. आकडा ०.८० च्या वर आला आणि स्टेंट टळला, तरी डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनसारखी (कोलेस्टेरॉल कमी करणारी) औषधे मात्र चालूच ठेवावीत.