टॅब घेतला म्हणून लॅपटॉप विकताय? आधी या चुका टाळा

कराडकडच्या माझ्या एका कंत्राटदार मित्राचा फोन आला तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते. रस्त्याच्या कामाची ई-निविदा भरायची मुदत पाचला संपणार होती. "अरे, डोंगल घेतच नाहीये हा!" डोंगल म्हणजे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. दिवाळीत त्यानं तेरा इंची आयपॅड प्रो घेतला होता, कीबोर्डासकट, आणि जुना लॅपटॉप पुतण्याला देऊन मोकळा झाला होता. आता टोकनला टाइप-सीचं कन्व्हर्टर लावून तो ते काढत होता, फुंकत होता, परत घालत होता. म्हटलं, फुंकून काही होणार नाही, गाडी काढ आणि सायबर कॅफे गाठ. पावणेपाचला निविदा एकदाची गेली.

ओळखीपाळखीतल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर लावून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे असे फोन मला नवे नाहीत. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी गडबड टॅब घेण्यात नसते, घ्यायच्या आधी न केलेल्या चौकशीत असते.

पहिली चूक: लॅपटॉप आधी विकणं

टॅबवर शंभरातली पंचाण्णव कामं आरामात होतात. मेल, मीटिंग, पीडीएफ, बँक, पत्रव्यवहार, सगळं. घोडं अडतं ते उरलेल्या पाचांवर, आणि ही पाच कामं नेमकी टाळता न येणारी असतात. डिजिटल सहीच्या टोकनाला ड्रायव्हर (मशीनला ते टोकन ओळखायला लावणारा प्रोग्रॅम) लागतो, शिवाय पोर्टलचा सही करणारा छोटा प्रोग्रॅम लागतो. तो विंडोजवर टाकायचा असतो. आयपॅडवर तो टाकायची सोयच नाही. हिशेबाच्या टॅलीप्राइमचंही तेच, ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. जुना बारकोड प्रिंटर, दवाखान्यातलं एखादं मशीन, सीएच्या ऑफिसातली युटिलिटी, यादी आपापली करावी.

उपाय साधा आहे. टॅब आणल्यावर लॅपटॉप कपाटात ठेवा आणि एक महिना तो ज्या ज्या वेळी बाहेर काढावा लागेल, त्या वेळी कशासाठी काढला ते वहीत लिहा. महिना शक्यतो असा निवडा ज्यात रिटर्न, पगार किंवा निविदा असेल. मे महिन्यात सुट्टीवर असताना केलेली चाचणी काय कामाची?

ज्यांनी आधीच विकलाय त्यांच्यासाठी दुसरी वाट: ऑफिसात एक विंडोज मशीन चालू ठेवून टॅबवरून त्यात शिरायचं. इथेही दोन खड्डे आहेत. मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप समोरच्या मशीनवर विंडोज होम असेल तर आत घेत नाही, प्रो लागतं. आणि टोकन त्या ऑफिसच्या मशीनला लावून रिमोट डेस्कटॉपनं आत गेलात तर टोकन दिसतच नाही, कारण त्या सेशनमध्ये विंडोज तुमच्या हातातल्या उपकरणाकडचं कार्ड शोधत असतं. एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर मशीनचा चालू पडदाच दाखवतं, तिथे टोकन दिसतं. ही एवढी गोष्ट समजायला मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

"मग सरफेस प्रो घेतो, त्यात विंडोजच आहे," असं कोणीतरी म्हणतंच. बरोबर आहे, पण २०२४ पासूनच्या बहुतेक सरफेस प्रोमध्ये स्नॅपड्रॅगनचा एआरएम प्रोसेसर येतो, नेहमीच्या इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा. साधे प्रोग्रॅम त्यावर चालून जातात, ड्रायव्हर मात्र एआरएमसाठीच बनवलेला लागतो. टोकनवाल्याला किंवा प्रिंटरवाल्याला आधी विचारा, तुमचा ड्रायव्हर एआरएमवर आहे का. उत्तर देताना तो अडखळला तर इंटेलचं मॉडेल बघा.

दुसरी चूक: "एक्सेल आहे की त्यात"

आहे, पण ते एक्सेल वेगळं. आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो, म्हणजे फाइलीतच लिहून ठेवलेले छोटे प्रोग्रॅम, चालत नाहीत. फाइल उघडते, आकडे दिसतात, आणि पगारपत्रक काढणारं ते हिरवं बटण दाबलं की ढिम्म काही होत नाही. माणूस मग टॅब बिघडला म्हणून दुकानात जातो.

दुसरी गंमत पडद्याच्या मापाची. मायक्रोसॉफ्टच्या या ॲपमध्ये १०.१ इंचापेक्षा मोठ्या पडद्यावर फाइलीत बदल करायला मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी लागते. छोट्या टॅबवर फुकट चाललेलं काम लाखभराच्या टॅबवर फक्त वाचायला मिळतं. हा खर्च हिशेबात धरला होता, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तिसरी चूक: पाटीवरची किंमत खरी मानणं

जरा वही काढूया. मे २०२४ मध्ये एम ४ चिपचा तेरा इंची आयपॅड प्रो आला तेव्हा इथली सुरुवातीची किंमत १,२९,९०० रुपये होती. त्याचा मॅजिक कीबोर्ड ३३,९००. पेन्सिल प्रो ११,९००. झाले १,७५,७०० रुपये.

मार्च २०२५ मध्ये आलेला एम ४ चिपचा तेरा इंची मॅकबुक एअर ९९,९०० ला होता, तोही १६ जीबी रॅमसकट. त्याच महिन्यात आलेला साधा आयपॅड ३४,९०० आणि त्याला चालणारी यूएसबी-सी पेन्सिल ७,९००. तिन्ही मिळून १,४२,७००. म्हणजे लॅपटॉप आणि टॅब दोन्ही घरात येऊन वर ३३,००० रुपये हातात राहतात. त्या आयपॅड प्रोच्या २५६ जीबीच्या मॉडेलात रॅम ८ जीबीच होती, हेही जाता जाता लक्षात असू द्या. नंतर वाढवता येत नाही, ना रॅम ना स्टोरेज.

वजनाचंही असंच. तेरा इंची प्रो नुसता ५७९ ग्रॅमचा, हातात घेतला की माणूस हरखतो. कीबोर्ड लावला की गाडी सव्वा किलोच्या आसपास जाते आणि मॅकबुक एअर १.२४ किलोचा आहे. मग पाठीवरचं ओझं कुठे कमी झालं? सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एसमध्ये निदान पेन खोक्यातच मिळतं, कीबोर्डाचे पैसे तिथेही वेगळे.

चौथी: पेन्सिल जुळेलच असं धरणं

ही मी स्वतः केलेली चूक. दुसऱ्या पिढीची पेन्सिल एकाकडून जुनी घेतली, स्वस्तात मिळाली म्हणून खूश झालो. एम ४ च्या आयपॅड प्रोला ती चालत नाही. चुंबकाला चिकटते, लिहीत नाही. त्या टॅबला पेन्सिल प्रो किंवा यूएसबी-सीवाली लागते, आणि यूएसबी-सीवालीला दाब समजत नाही, म्हणजे चित्रकाराच्या ती उपयोगाची नाही. मॅजिक कीबोर्डसुद्धा आधीच्या प्रोचा या प्रोला बसत नाही. जुना माल घेताना टॅबचं मॉडेल आणि पेन्सिलीची पिढी दोन्ही कागदावर लिहून न्या.

पाचवी: मराठी टायपिंग दुकानात न तपासणं

याकडे कोणीच बघत नाही आणि मराठीत रोज लिहिणाऱ्याचं सगळ्यात जास्त डोकं इथे फिरतं. तुम्ही विंडोजवर श्रीलिपीत किंवा त्या घराण्यातल्या एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षं टाइप करत असाल, तर त्या फाइली टॅबवर उघडल्यावर अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हांचा खच पडतो. फाइल खराब झालेली नसते, ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसते. लॅपटॉप हाताशी आहे तोवर सगळ्या फाइली कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये करून घ्या. आणि 'र्‍य', 'ङ', 'ॲ' अशी अक्षरं नजरेखालून घाला, कन्व्हर्टर चुकतो तो तिथेच.

दुसरं, फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहिता येतं म्हणून टॅबच्या खऱ्या कळांवरही तसंच येईल, अशा भरवशावर राहू नका. पडद्यावरचा कीबोर्ड आणि जोडलेला कीबोर्ड यांचा कारभार वेगवेगळा असतो. दुकानात डेमोचा टॅब समोर असतोच. त्याला कीबोर्ड लावायला सांगा, मराठी निवडा आणि एक वाक्य टाइप करा: "दुसऱ्याच्या सुऱ्या घेऊन तऱ्हेवाईक ॲडव्होकेट ज्ञानोबा क्षणात हजर झाले." अर्थ जाऊ द्या. हे वाक्य अडखळल्याशिवाय जमलं, शिवाय भाषा बदलायची कळ बोटाला सापडली, तर तो कीबोर्ड तुमचा. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी) येणाऱ्यांना फारसा त्रास होत नाही. बाकीच्यांनी आठवडाभर शिकायची तयारी ठेवावी.

पेनड्राइव्ह, डिस्क वगैरे

आयपॅडला पेनड्राइव्ह २०१९ पासून चालतो. पण विंडोजवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेल्या डिस्कवर आयपॅडला लिहिता येत नाही. डिस्कवरचा माल दुसरीकडे उतरवून ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मग दोन्हीकडे चालते. व्हिडिओवाल्यांसाठी अजून एक: साध्या आयपॅडचं टाइप-सी पोर्ट यूएसबी २च्या वेगाचं आहे, लग्नाचं शूटिंग उतरवता उतरवता पहाट होईल. शेतमोजणी, साइटचे नकाशे अशी कामं असतील तर सिमवालाच आयपॅड घ्या. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यात मोठी: टॅबला लॅपटॉप बनवायचा हट्ट

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयपॅडओएस २६ नं खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करू दिल्या, वर मेनूची पट्टी आणली, मागे चाललेली कामं सांभाळली. त्याआधी व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून दुसरं ॲप उघडलं की एक्स्पोर्ट थांबायचं. सुधारणा चांगलीच आहे. तरी कीबोर्ड लावून टेबलावर उभा केलेला टॅब हा फार तर बरा लॅपटॉप होतो, आणि बरा लॅपटॉप तर तुमच्याकडे होताच.

टॅबचे पैसे फिटतात ते लॅपटॉपला जे कधीच जमलं नाही तिथे. माझी मोठी बहीण मुद्रितशोधन करते. आधी ती तीनशे पानांची प्रुफं छापून घ्यायची, लाल पेनानं खुणा करायची आणि कुरिअर करायची. आता पीडीएफ टॅबवर, पेन हातात, पाय झोपाळ्यावर. तिचा काना-मात्रा-वेलांटीचा हात तसाच चालतो आणि प्रेसला फाइल त्याच संध्याकाळी जाते. लॅपटॉप तिनं विकलेला नाही, बिलं आणि पत्रं त्यावरच. असंच साइटवर नकाशावर खुणा करणाऱ्या आर्किटेक्टचं, फळ्याऐवजी टॅबवर गणित सोडवून दाखवणाऱ्या क्लासच्या सरांचं. यातलं कोणीही कीबोर्डाला हात लावत नाही.

असं एकही काम आठवत नसेल तर महागडा टॅब घेऊ नका, एवढंच म्हणेन. सिनेमा बघायला तीस हजारांचा पुरतो. महाग घेऊनच बसला असाल आणि घरात मॅक असेल, तर निदान साइडकार चालू करा. टॅब मॅकचा दुसरा पडदा होतो, दोन्हीकडे एकच ॲपल अकाउंट हवं. सॅमसंगचा टॅब विंडोजला असाच जोडता येतो. एका पडद्यावर पीडीएफ, दुसऱ्यावर लिखाण, ही सोय एकदा लागली की सुटत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. फक्त टॅबवर ज्यांचं खरंच भागतं असे लोक आहेत: निवृत्त मंडळी, बरेचसे चित्रकार, फोनवरच सगळा धंदा चालवणारे. माझ्या वडिलांचा लॅपटॉप गेल्या गणपतीपासून उघडलेला नाही आणि त्यांचं काहीही अडलेलं नाही.

कंत्राटदार मित्रानं पुढच्याच आठवड्यात पुतण्याकडून लॅपटॉप परत आणला, बदल्यात त्याला नवा फोन द्यावा लागला. टॅबचा कीबोर्ड त्यानं काढून ठेवलाय. आता तो नुसता टॅब घेऊन साइटवर जातो, मोजमापांच्या फोटोवर पेनानं आकडे टाकतो आणि इंजिनिअरला तिथूनच धाडतो. लॅपटॉप महिन्यातून दोनदा उघडतो. टोकन त्याच्याच बॅगेत, चेनच्या कप्प्यात असतं.