तूप बंद, तळण चालू: स्वयंपाकघरातल्या तेलाच्या या चुका टाळा

डॉक्टरांनी ‘तेलकट कमी करा’ म्हटलं की आपल्या सोलापुरात आधी भाकरीवरचं चमचाभर तूप बंद होतं आणि शेंगाचटणीची बरणी मागे सरकते. संध्याकाळची गाड्यावरची भजी मात्र सुरूच राहतात. माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं, म्हणून कळकळीनं लिहिते आहे.

सगळ्यात मोठी चूक तेल न मोजण्याची. आपलं तेल कढईत धारेनं पडतं. चौघांच्या घरात महिन्याला 5 लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम तेल होतं. 1 ग्रॅम तेलातून 9 कॅलरी मिळतात, भाकरीतल्या पिष्टातून 4. म्हणजे नुसत्या तेलाच्याच जवळपास साडेतीनशे कॅलरी झाल्या, आणि यात कूट धरलेलंच नाही. शेंगदाण्याचा जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश असतो. मूठभर दाण्यांत, म्हणजे 30 ग्रॅममध्ये, 14-15 ग्रॅम.

म्हणून कूट सोडायचं का? मुळीच नाही. दाण्यांत चांगली प्रथिनं आहेत, आणि वांग्याच्या भाजीला कुटाशिवाय चव ती काय! फक्त ज्या भाजीत किंवा आमटीत कूट पडणार, तिची फोडणी निम्म्या तेलात करा. उकळी आली की कुटाचंच तेल वर तरंगतं. शेंगाचटणीचंही तसंच. उखळात नीट कुटली की ती आपल्याच तेलानं ओलसर होते. तिच्यावर पुन्हा तेल ओतण्यापेक्षा दही घ्या. आमच्याकडे सकाळी दिवसभराचं तेल एका वाटीत काढून ठेवतो. वाटी संपली की संपलं. पहिला आठवडा जड गेला, पुढे हात आपोआप आखडला.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे तेल-तूप पूर्ण तोडणं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाबरोबरच शरीरात नीट शोषली जातात. गाजरातल्या आणि पालेभाजीतल्या केशरी रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, त्यालाही थोडं तेल लागतं. भोगीला गाजर घातलेली भाजी, तीळ लावलेली भाकरी आणि वर लोणी, हे ताट म्हणूनच मला फार शहाणं वाटतं. दोन वर्षांखालच्या बाळाचं तूप तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच कमी करू नका.

तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवणं ही चूक घरातही होते. तेल काळपट, चिकट झालं, त्यावर फेस येऊ लागला किंवा ते लवकर धुरायला लागलं, तर ते टाकायचं. जुन्या तेलात नवं मिसळू नका, नवंही बिघडतं. एकदा तळून उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात परत तळू नका. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल हा स्निग्ध घटक खूप असतो आणि तो उष्णतेनं लवकर बिघडतो. म्हणून आपल्या काळ्या रानातली ही करडई भाजीला, फोडणीला ठेवा आणि क्वचित तळायचं झालंच तर शेंगतेल घ्या.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून जास्तीचे पैसे देऊ नका. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. खाद्यतेलात ते जवळपास नसतंच, मग ते तेल कुठलंही असो. पिशवीवर बघायचं ते ट्रान्स फॅटचं, म्हणजे हृदयाला घातक स्निग्धांशाचं, प्रमाण. भारतात जानेवारी 2022 पासून त्याची मर्यादा 2 टक्के आहे. घाण्याचं तेल चवीला छान असतं, पण कॅलरी तेवढ्याच. ते जास्त ओतायची मुभा मिळत नाही.

राहिलं जवस. शाकाहारी घरात ओमेगा-3 हा शरीराला लागणारा स्निग्ध घटक मिळवण्याची ही स्वस्त आणि सोपी वाट, पण अख्खे दाणे बरेचसे न पचताच बाहेर पडतात. हलकं भाजून कुटा, चटणी करा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा महिन्याची चटणी एकदम करू नका. आठवड्यापुरती करून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. तेलाचा डबाही गॅसशेजारून, खिडकीच्या उन्हातून हलवा, आणि तेल तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नका. दाणे असोत वा चटणी, खवट वास आला की बिनदिक्कत फेकून द्या.