राखणीच्या कुत्र्याला ऊन लागलं तर आधी जागेवरच गार करा

एप्रिल-मे म्हणजे कलमांवर आंबा आणि आंब्यावर वानरांचा डोळा. देवगड असो की गुहागर, वानरांमागे कुत्रा भर दुपारी तापलेल्या कातळावर धावतो आणि मालक हाक मारेपर्यंत थांबत नाही. या दिवसांत त्याला जपायला हवं.

‘आपल्याकडे विदर्भासारखं ऊन कुठे?’ हा समज सोडा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. धापा टाकल्या की जिभेवरचा आणि तोंडातला ओलावा सुकतो, त्यानेच त्याचं अंग निवतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो ओलावा लवकर सुकत नाही. म्हणून पारा ३४-३५ अंशांवर असला, आभाळात मळभ असलं, तरी वारा पडलेली दुपार घातक ठरते. पगसारखे चपट्या नाकाचे, लठ्ठ आणि म्हातारे कुत्रे आधी ढासळतात.

सावलीत आणून बराच वेळ झाला तरी धाप कमी होत नाही, लाळ चिकट होऊन तारेसारखी लोंबते, हिरड्या लालभडक दिसतात, हाक मारली तरी लक्ष नसतं, चालताना तोल जातो. एवढं दिसलं की संध्याकाळची वाट बघू नका. उलटी, रक्ताचे जुलाब, झटके किंवा बेशुद्धी आली तर जीव धोक्यात आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. गुदद्वारात थर्मामीटर लावून १०४ च्या वर भरलं तर लगेच कामाला लागा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर तेही गंभीरच समजा.

दवाखाना तालुक्याला, वाट घाटाची. तसंच गाडीत घालून पळवलं तर वाटेतच अंग आणखी तापतं. म्हणून सावलीत घ्या आणि विहिरीचं किंवा पंपाचं पाणी पोट, जांघा, काखा, पंजे, सगळ्या अंगावर सतत ओता. तोंडा-नाकात पाणी जाऊ देऊ नका. सोबत पंखा लावा, नाहीतर सुपाने वारा घाला. दमट हवेत नुसत्या पाण्याने भागत नाही. ओलं गोणपाट अंगावर टाकून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तापमान उतरून १०३ पर्यंत आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडतं. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पुढे ठेवा, घशात ओतू नका. कांद्याचा रस पाजू नका, कांदा कुत्र्या-मांजरांना विषारी असतो. पॅरासिटामॉल तर मुळीच नको; मांजर त्याच्या एका गोळीने दगावू शकतं.

पाणी ओतताना दुसऱ्याने पशुवैद्यकाला किंवा पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन लावावा. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी तपासून घ्याच. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्यातला बिघाड दोन-तीन दिवसांनीही वर येतो.

राखणीची वेळ बदलता येते: सकाळी दहाच्या आत आणि उन्हं कलल्यावर कुत्रा मोकळा, मधल्या वेळात फटाके नाहीतर माणूस. पत्र्याच्या मांगरात (बागेतल्या खोपीत) किंवा बंद टेम्पोत त्याला कोंडू नका. साखळीने बांधलात तर सावली कुठे सरकते ते बघून बांधा आणि पाण्याची मातीची कुंडी साखळीच्या टप्प्यात ठेवा, तीही एक नको, दोन ठेवा. एक उपडी झाली तरी दुसरी उरते.