मागच्या चाकाचे बेअरिंग आणि ब्रेक: जुन्या गाडीतला दोष कसा शोधावा

जुन्या गाडीचे मागचे चाक घरघरू लागले की बेअरिंग बदलले जाते आणि ब्रेक एका बाजूला ओढू लागला की लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे अस्तर) बदलले जातात. ही दोन वेगळी दुखणी आहेत असे धरून चालल्यामुळे तीच गाडी महिन्याभरात पुन्हा गॅरेजात उभी राहते. साठच्या दशकातल्या फियाट ११०० सारख्या गाड्यांत मागचे चाक थेट एक्सल शाफ्टला (चाक फिरवणाऱ्या दांड्याला) जोडलेले असते आणि शाफ्टचे बाहेरचे टोक हाउसिंगमधल्या (शाफ्टभोवतीच्या नळीतल्या) एकाच बेअरिंगवर तोललेले असते. ते बेअरिंग झिजले की शाफ्ट किंचित हेलकावतो, ऑइल सीलची (तेल अडवणाऱ्या कड्याची) कड त्याला सगळीकडून सारखी टेकत नाही आणि डिफरन्शियलचे (मागच्या दोन्ही चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) तेल ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यात) उतरून ब्रेक शू (लायनर बसवलेल्या कमानी) भिजवते. म्हणून सुटे भाग आणण्याआधी ड्रममध्ये तेल आले कुठून, याचा छडा लावणे हेच खरे काम आहे.

माझ्या फियाटचे डावे मागचे चाक जांबोटी रस्त्यावर ब्रेक दाबताच झटक्याने अडकू लागले होते. दोनदा लायनर बदलले, एकदा सीलही बदलले, तरी फरक पडला नाही. शेवटी ड्रम घासून घेण्यासाठी बेळगावात उद्यमबागेतल्या एका वयस्कर टर्नरकडे नेला. त्यांनी तो उलटा धरून आतल्या कडेवरून बोट फिरवले, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "साहेब, लायनर बदलून काय होणार? तेल कुठनं यालंय ते बघा की ओ." घरी येऊन गाडीखाली शिरलो, तेव्हा एक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जाण्याचे छोटे तोंड) खानापूरकडच्या तांबड्या चिखलाने पार बुजलेला दिसला. चालताना डिफरन्शियल तापते, आतली हवा फुगते आणि तिला वाट मिळाली नाही की ती नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. ब्रीदर काढून रॉकेलने धुतला, तारेने मोकळा केला आणि गळती थांबली. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यानंतर मी पहिल्यांदा तोच पाहतो.

तपासणी रस्त्यावरून सुरू करावी. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडीला वेग देऊन ती न्यूट्रलमध्ये सोडावी. इंजिन मंदावूनही घरघर चाकाच्या वेगाबरोबरच कमी-जास्त होत असेल, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना आवाजाचा सूर बदलत असेल, तर क्राऊन-पिनियनकडे (डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरजोडीकडे) वळावे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर पडतो, त्यामुळे त्या वेळी आवाज वाढल्यास बहुधा उजवे बेअरिंग दोषी असते.

त्यानंतर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, मागचा भाग जॅकने उचलून एक्सलखाली भक्कम स्टँड ठेवावेत आणि हँडब्रेक सोडावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. चाक वरखाली धरून हलवावे, मग आतबाहेर ओढून ढिलेपणा जाणवतो का ते पाहावे. एका हाताने चाक फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, तर कानाला न कळणारी खरखर बोटांना कळते.

ड्रम निघत नसेल, तर आधी अॅडजस्टर (शू आणि ड्रममधले अंतर जुळवणारा भाग) सैल करावा. कडेवर हातोडा घातल्यास ड्रमचे बीड (ओतीव लोखंड) तडकते. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ती ओल्या फडक्याने पुसावी. शूवर ओल दिसली, तर तिचा एक थेंब पाण्याच्या वाटीत सोडावा. डिफरन्शियलचे तेल वर तरंगते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, तर नेहमीचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. पहिल्या स्थितीत बेअरिंग, सील व ब्रीदर तपासावेत, दुसऱ्या स्थितीत व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग). तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणे घातक आहे. गरम झाले की त्यांतून तेल पुन्हा पाझरते. लायनर दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

चाक तापत किंवा अडकत असेल, तर ते अडकलेले असतानाच ब्लीडर निपल (व्हील सिलिंडरवरचा हवा काढण्याचा स्क्रू) किंचित उघडावे. चाक लगेच मोकळे झाले, तर दाब नळीत अडकला आहे: मागच्या दोन्ही चाकांना एकच होज पाइप असतो, तो आतून फुगून बुजलेला असू शकतो, किंवा ब्रेक पेडलला मोकळी चाल नसल्याने मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागातून) तेल परत जात नसते. निपल उघडूनही चाक अडकलेलेच राहिले, तर गंजलेली हँडब्रेक केबल, सैल पडलेली रिटर्न स्प्रिंग किंवा जाम झालेला पिस्टन शोधावा. व्हील सिलिंडरचे रबर मात्र ब्रेक ऑइलनेच धुवावे. रॉकेल किंवा पेट्रोल लागल्यास ते फुगते.

बेअरिंग बदलण्याचे काम प्रेस असलेल्या कारखान्यातच करून घ्यावे. जुनी कॉलर (बेअरिंगला शाफ्टवर जागी धरणारी रिंग) छिन्नीने फोडताना शाफ्टला ओरखडा जाऊ देऊ नये. नवे बेअरिंग आतल्या रिंगवर दाब देऊनच बसवावे. बाहेरच्या रिंगवर दाब दिला, तर गोळ्यांच्या खाचा पहिल्याच दिवशी बिघडतात. कॉलर नेहमी नवी घ्यावी आणि ती घट्टच बसली पाहिजे. ती हाताने सरकत असेल, तर शाफ्ट झिजला आहे असे समजावे आणि गाडी रस्त्यावर आणू नये, कारण अशा गाडीत शाफ्टसकट चाक बाहेर येऊ शकते. बेअरिंगचा क्रमांक रिंगवर कोरलेला असतो. ६२०६ सारख्या मेट्रिक क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतला व्यास मिळतो, म्हणजे येथे ३० मिलिमीटर. सील जिथे टेकते तिथे शाफ्टवरून नख फिरवावे. नख अडकले, तर नवे सीलही गळणार.

जोडणी झाल्यावर आधी पायाच्या ब्रेकचे अॅडजस्टर बसवावेत, हवा काढावी आणि मगच हँडब्रेकची केबल ताणावी. हा क्रम उलटा केला, तर शू कायम घासत राहतो. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरण्याआधी गावातल्या गावात १०–१५ किलोमीटर फिरून दोन्ही ड्रमच्या जवळ हात नेऊन ऊब सारखी आहे का ते पाहावे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी करायची असेल, तर हँडब्रेक न लावता ती गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत, म्हणजे ओलीने शू ड्रमला चिकटत नाहीत.