प्लॅब २ चा सराव करताना या चुका टाळा

प्लॅब २ म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना यूकेत काम करण्यासाठी द्यावी लागणारी प्रात्यक्षिक परीक्षा. तिच्या सरावात मी बहुतेक वेळा पेशंटची भूमिका करतो. १६ केसेस, प्रत्येकीला ८ मिनिटं, आत जाण्याआधी वाचायला दीड मिनिट, हे सगळ्यांना पाठ असतं. चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यात जास्त खटकते ती पाठ केलेली सहानुभूती. एकदा मी डोकेदुखीचा पेशंट झालो होतो. दुसऱ्याच वाक्यात सांगितलं, "माझा भाऊ ब्रेन ट्यूमरनं गेला." समोरचा म्हणाला, "आय अ‍ॅम सॉरी टु हिअर दॅट. डू यू स्मोक?" चार मिनिटांनी पाठ केलेल्या प्रश्नांच्या यादीत नंबर आला तेव्हा विचारलं, "कसली काळजी वाटतेय का?" मी थांबवलं तर चिडला, "विचारलं की मी!" मुलगा हुशार होता, नोट्स तोंडपाठ होत्या. तीच केस पुन्हा केली. या वेळी तो भावाच्या उल्लेखापाशी थांबला आणि विचारलं, "आपल्यालाही तेच झालंय असं वाटतंय का?" मग सगळं बाहेर आलं: भीतीपोटी चार महिने रोज कोडीन या वेदनाशामकाच्या गोळ्या. महिन्यात १० किंवा जास्त दिवस, तेही तीन महिन्यांहून अधिक काळ कोडीन घेतलं की गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं. निदान त्या काळजीतच दडलेलं होतं. माझी सवय एकच: पेशंटच्या उत्तरातला शब्द उचलून पुढचा प्रश्न विचारायचा.

दुसरी चूक म्हणजे घंटा होईपर्यंत हिस्ट्रीच (आजाराची विचारपूस) घेत बसणं. मार्क तीन भागांत असतात: माहिती व तपासणी, उपचारांचं नियोजन आणि संवाद. हिस्ट्री लांबली की मधला भाग कोरा राहतो. मी पाचव्या मिनिटाला प्रश्न थांबवतो, एखादा राहिला तरी.

आत जाण्याआधी दारावर लिहिलेलं काम दोनदा वाचा. समजावून सांगायला सांगितलं असेल तर अख्खी हिस्ट्री घेऊ नका.

स्वतः पेशंट व्हायचा कंटाळा करू नका. तारीख जवळ आल्यावर दोन आठवड्यांत केसेस घोकणारे तेवढंच टाळतात, आणि ऐकायला शिकतो आपण त्याच खुर्चीत.

"काही वाटलं तर या" एवढ्यावर पेशंटला सोडू नका. अचानक असह्य डोकेदुखी, हातापायात कमजोरी, फिट आली तर लगेच ९९९ ला (यूकेचा आपत्कालीन नंबर) फोन करा, असं नेमकं सांगा.